आवाजावर थांबणारं हरीण

अल ऐनच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की वाळूतून एक डांबरी सडक जाते आणि जिथे ती संपते तिथे अरबाबचा मझरा आहे. अरबाब म्हणजे मालक आणि मझरा म्हणजे शेत. पण शेत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते इथे शोधू नका. इथे खजुराच्या रांगा, नळीतून थेंब थेंब पाणी पिणारी घाफची आणि बोरीची झाडं, मधे मधे लसूणघासाचे हिरवे तुकडे, आणि या सगळ्याभोवती दोन पुरुष उंचीची जाळी. जाळीच्या आत अमेरिकेतून विमानाने आलेली हरणं. उन्हाळ्यात त्यांच्या शेडमध्ये पाण्याचे फवारे आणि मोठे पंखे चालत. पंखे दुरुस्त करणारी माणसं बाहेर उन्हात.

या हरणांची शेपटी वरून तपकिरी आणि खालून पांढरीशुभ्र. घाबरलं की शेपटी उभारून पळतं, आणि वाटतं, कुणीतरी रुमाल हलवत निरोप घेऊन चाललंय. ती सांभाळायचं काम विलासकडे होतं.

विलास खेड तालुक्यातला. गावच्या कीर्तनात मागे उभा राहून टाळ धरणारा. बुवांनी चाल सोडली की ती उचलायची, बुवा निरूपणात रंगले की टाळ छातीशी धरून डोळे मिटायचे, एवढंच त्याला आयुष्यात मनापासून आलं. पोटासाठी वाळूत आला, पण ती सवय काही गेली नाही. चाऱ्याच्या पेंढ्या सोडताना, पाण्याचा हौद घासताना, लेंड्या झाडताना तोंडाने "रामकृष्ण हरी" चालूच. आवाज मोकळा, जरा खर्जातला, सकाळच्या गारव्यात लांबवर जाणारा.

"अरे बुवा, तुझ्यामुळे मला अलार्म लावावा लागत नाही," जहूर म्हणायचा.

जहूर बाणकोटकडचा. मझऱ्यावरची पिकअप, भाजीपाला, औषधं, ऑफिसचे निरोप, सगळं त्याच्याकडे. बायको जैनब आणि मुलगी शारजाला, म्हणून दर शुक्रवारी तो ट्रॅफिकमध्ये. विलासपेक्षा वयाने मोठा, म्हणून विलास त्याला जहूरभाई म्हणायचा.

"झोपमोड होत असेल तर सांगा जहूरभाई, हळू म्हणतो."

"हळू कशाला? जैनबला पण ऐकवलं मी. फोनमध्ये भरून घेऊन गेलो. ती म्हणाली, माणूस चांगला असणार, आवाजात खोट नाही. मी म्हटलं, आवाजात नाही, पण चहात साखर चोरतो."

असा त्यांचा संसार. एक नमाजाला बसला की दुसरा चुलीवरचं बघायचा, आणि एकादशीला जहूर आठवणीने साबुदाणा आणायचा.

आता त्या हरणाकडे येऊ. पहिला कळप आला तेव्हा प्रवासात एक मादी गेली आणि तिचं पाडस मागे राहिलं. ते बाटली तोंडात धरेना. डॉक्टर म्हणाला, आजची रात्र काढणार नाही. विलास त्याला मांडीवर घेऊन गवतात बसला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून गायला लागला. गाता गाता बाटली ओठांना लावली आणि पाडसाने ती ओढली. तेव्हापासून दूध आणि नाम त्या जनावराच्या डोक्यात एकच झालं. पुढे त्याला शिंगं फुटली, मान भरली. थंडी पडली आणि नर माजावर आले की त्याच्या कपाळावरचे केस काळेभोर होत, जसा कुणी बुक्का लावलाय. विलासने नावच ठेवलं, बुक्का.

माजाच्या दिवसांत बुक्क्यापासून लांब राहावं लागे. तो झाडांवर शिंगं घासून साल काढायचा, जमीन उकरून त्यात मुतून ठेवायचा, चाऱ्याला तोंड लावायचा नाही. मागच्या थंडीत त्याने विलासलाच जाळीवर फेकलं होतं. पण एक गोष्ट त्याही दिवसांत सुटली नव्हती. विलासचा आवाज आला की बुक्का धावताधावता थांबायचा. जवळ यायचा नाही. नुसता थांबायचा, कान वळवायचा, क्षणभर मांडीवरचं पाडस व्हायचा, आणि मग पुन्हा पळत सुटायचा.

त्या वर्षी कळप फार वाढला. काही नर कमी करायचं ठरलं, परवानगीचे कागद ऑफिसने केले, आणि अरबाबचा मुलगा फहद रायफल घेऊन मझऱ्यावर राहायला आला.

फहद अमेरिकेत शिकलेला आणि तिथेच या हरणांची शिकार शिकलेला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. कामगारांना आधी सलाम करायचा आणि चहा सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून प्यायचा. पण शिकारीचं वेड मोठं. त्याने पहिल्याच दिवशी विलासला झाडीत फिरवलं.

"विलास, मादी किधर बैठता है दिन में?"

विलासने बोरीच्या जाळीकडे बोट दाखवलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही. रोज जे दिसतं ते माणूस सांगून जातो.

"शाबाश. नर अभी मादी के पीछे पागल. सीधा अंदर नहीं आएगा. हवा के नीचे से आएगा, स्मेल लेगा, कोई मादी तैयार है कि नहीं. हम उधर बैठेगा." त्याने चिमूटभर वाळू सोडून वारा पाहिला आणि घाफच्या झाडाजवळ मचाण बांधायला सांगितलं. "बडा वाला चाहिए. काला माथा वाला. उसका सिर मजलिस में लगाएगा, बाबा की कुर्सी के ऊपर."

विलास "यस सर" म्हणाला.

संध्याकाळी जहूर कांदा चिरत होता. विलास दारात उभा राहिला.

"जहूरभाई, बुक्क्याला मारणार."

"ऐकलं मी."

"दुसरा कुठला नर नाही चालणार? तो तिरक्या शिंगाचा आहे."

"तिरकं डोकं कोण लावतो रे भिंतीवर?" जहूर म्हणाला. विलासचा चेहरा बघून त्याने सुरी खाली ठेवली. "जनावर आहे बुवा. आज ना उद्या जायचं ते."

"माझ्या हातचं दूध प्यायलंय."

"माझ्या बकऱ्या पण माझ्या हातचं खायच्या. मी रडायचो, आणि ईदला अब्बा सुरी माझ्याच हातात द्यायचे. काय करणार?"

विलासने मनाशी एक गोष्ट ठरवली. देव काही करेल तेव्हा करेल, आपल्या हातात आहे तेवढं करू. दुसऱ्या दिवसापासून त्याने गाणं बंद केलं. चारा टाकताना तोंड मिटून, हौद घासताना मिटून. बुक्क्याला थांबवणारी गोष्ट जगात एकच होती, आणि ती त्याच्या गळ्यात होती. ती तिथेच राहू दे. माजात आलेला नर एका जागी टिकत नाही. न थांबणाऱ्या हरणावर चांगला शिकारी गोळी झाडत नाही, हे फहदच म्हणाला होता. माजाचे दिवस सरले की बुक्का पुन्हा सावध होईल, झाडीत दडेल, आणि फहदची सुट्टी संपेल. एवढाच हिशोब. गाणं बंद ठेवणं म्हणजे त्याला श्वास अर्धाच घेण्यासारखं होतं, तरी त्याने ठेवलं.

आणि जमलंही. फहद पहाटे मचाणावर जायचा, संध्याकाळी पुन्हा जायचा. बुक्का दिसायचा, पण कसा? मादीच्या मागे बाणासारखा, बोरीच्या जाळीला वळसा घालून, घाफच्या समोरून धुरळा उडवत पार. फहद तोंडाने मादीसारखा आवाज काढायचा. शिट्टी मारायचा. बुक्का थांबेना. त्याच्या कानात आता फक्त त्याचंच रक्त वाजत होतं.

फहद हसत हसत परत यायचा, पण रोज थोडा कमी हसायचा. सुट्टी संपत आली होती.

त्यातल्याच एका सकाळी, न्याहारीला, जहूरने ते बोलून टाकलं. वाईट हेतू नव्हता. मालकाच्या मुलाने विचारलं, आणि याला मित्राचं कौतुक करायची हौस.

"सर, वो किसी के लिए नहीं रुकता. सिर्फ हमारा बुवा के लिए रुकता. ये गाता है ना, तो शेर भी खडा हो जाए."

विलासच्या हातातली रोटी हातातच राहिली. जहूरने त्याच्याकडे पाहिलं आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. शब्द तोवर समोरच्याच्या कानात जाऊन बसले होते.

फहद पुढे सरकून बसला. "सच्ची? विलास, तुम गाता है तो वो रुकता है?"

विलासने रोटी ताटात ठेवली.

"एक बार. तुम दूर से गाओ, वो खडा होगा, एक गोली, दर्द नहीं. खलास."

"सर, वो गाना नहीं है."

"फिर क्या है?"

विलासला हिंदी सापडेना. कीर्तनात उभं राहिल्यावर जे तोंडातून येतं त्याला काय म्हणतात? "नाम है सर," तो म्हणाला.

"किसका?"

"भगवान का."

फहदने चहाचा पेला खाली ठेवला. "अल्लाह का नाम लेके मैं भी किसी को धोखा नहीं देगा," तो हळू म्हणाला. "ठीक है. मत गाओ. माफी मुश्किल." काही अडचण नाही, असं म्हणून तो उठला आणि जाताना विलासच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

तो हात विलासला दिवसभर खांद्यावर जाणवत राहिला. देवाने ऐकलं, असं त्याला वाटलं. जहूर मात्र दिवसभर त्याच्यासमोर आला नाही. दुपारी ऑफिसमधून फोन आला होता, तो पिकअपमध्ये काचा वर करून बोलत होता.

त्या संध्याकाळी शेवटचं बसणं होतं. फहद पहाटे जाणार होता. गोळी लागल्यावर हरीण मरायच्या आत त्याच्या गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, नाहीतर मांस हलाल नाही, म्हणून जहूर सुरी घेऊन फहदबरोबर मचाणावर चढला. तो रोजच जायचा. विलासला शेडपाशी थांबायचं होतं. वारा हलका होता, न बदलणारा.

सूर्य वाळूला टेकला. बोरीच्या जाळीतून एक मादी निघाली, आणि तिच्यामागून बुक्का. विलासला इतक्या लांबून फक्त तपकिरी रेघ दिसली. रेघ बोरींना वळसा घालू लागली. पळ, तो मनात म्हणाला. पळ बाबा, आजचा दिवस.

आणि तेव्हा त्याला कीर्तन ऐकू आलं.

आधी वाटलं, आपल्याच डोक्यात वाजतंय. इतके दिवस दाबून ठेवलेलं वर आलं असेल. पण मधे खोकला आला. मग बादली आपटल्याचा आवाज. मग पुन्हा "रामकृष्ण हरी". तो त्याचाच आवाज होता, कुठल्यातरी जुन्या सकाळचा, आणि तो घाफच्या झाडावरून येत होता.

तपकिरी रेघ थांबली.

विलास धावला. ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. काय ओरडणार? पळ म्हणेल, मर म्हणेल, शिवी देईल, त्या जनावराला या गळ्याचा एकच अर्थ माहीत होता. थांब. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि तसाच धावत राहिला.

गोळीचा आवाज वाळूत फार घुमत नाही. एकदाच झाला.

तो पोचला तेव्हा जहूरची सुरी फिरून झाली होती. बुक्का कुशीवर पडला होता. शेपटी वर झाली नव्हती. तो घाबरलाच नव्हता. कान अजून घाफच्या दिशेला वळलेले, आणि खाली वाळू ओली होत होती. फहद गुडघ्यावर बसून त्याच्या मानेवर हात फिरवत होता, आणि त्याचे डोळेही भरले होते.

"बहुत साफ गया," तो म्हणाला. "विलास, तुमने नहीं गाया. मशीन गाया. तुम्हारे ऊपर कुछ नहीं." त्याला खरंच तसं वाटत होतं. धीर द्यायला म्हणूनच बोलला.

फहद गाडी आणायला गेला. दोघेच उरले.

"का केलंत जहूरभाई?"

"तो आज पळत्यावर झाडणार होता." जहूर सुरी वाळूत पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. "शेवटचा दिवस म्हणून रायफल उचलली होती त्याने. पोटात लागली असती रे. रात्रभर आतडी ओढत फिरला असता. तुला ते बघवलं असतं?"

"मग फोन आधीच हातात कसा होता?"

जहूर वर न बघता म्हणाला, "दुपारी ऑफिसवाला फोनवर म्हणाला, हरणाचा माणूस हरीण देऊ शकत नाही, मग ठेवायचा कशाला? त्याला परत पाठवू. दोघांपैकी एक वाचत होता बुवा. मी तुला वाचवला."

"मला विचारलं असतंत."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास, ते मला माहीत आहे. म्हणून नाही विचारलं."

विलास खाली बसला. कपाळावरचे काळे केस त्याने बोटांनी सारखे केले. "फहद सरांनी गोळी झाडताना काय म्हटलं?"

"बिस्मिल्ला. म्हणावंच लागतं."

"आणि तेव्हा फोनवर मी चालू होतो?"

"हो."

"एकाच वेळी?"

जहूरने मान हलवली. मग तोही वाळूत बसला. कोणाला कोणाची समजूत घालता येईना, तसे दोघे गाडीचे दिवे येईपर्यंत बसून राहिले.

पहाटे फहद निघाला. गाडीत बसण्याआधी तो शेडपाशी आला आणि विलासचे दोन्ही हात हातात घेतले. "बाबा बहुत खुश. ऑफिस को बोल दिया, विलास इधर ही रहेगा. इन्शाल्ला अगले साल वो तिरछा सींग वाला, और उसके बाद जो बडा होगा. जहूर से रिकॉर्डिंग ले लिया मैंने. अब तुमको तकलीफ नहीं, हम खुद करेगा."

"सर, बाकीची हरणं पण थांबतात त्या आवाजाला," असं काही विलास बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. सगळा कळपच त्या आवाजावर चारा खायला शिकला होता. आईच्या मागे येणारी पाडसं पहिल्यांदा जग बघतात तेव्हा त्यात एक माणूस पेंढी सोडत गात असतो. विलासनेच ते शिकवलं होतं, रोज, प्रेमाने. आता तो गप्प बसून उपयोग नव्हता. तो मेला तरी आवाज फहदच्या खिशात राहणार होता.

गाडी गेली. ऊन वर आलं, तसा कळप चाऱ्यासाठी कुंपणाच्या जाळीपाशी जमला. माद्या, तिरक्या शिंगाचा, या वर्षीची पाडसं. सगळे कान त्याच्याकडे. इतके दिवस तो मुका का, हे त्यांना कळलं नसणार.

जहूर पिकअपमधून पेंढ्या उतरवत होता. विलास म्हणाला, "आज चारा नको."

"का?"

विलास वाकला आणि वाळूतून, पाण्याच्या नळीसाठी खोदलेल्या चरातून, त्याने मुठीत मावतील तेवढे खडे गोळा केले. मग उभा राहिला, डोळे मिटले, आणि गायला लागला. "रामकृष्ण हरी." कित्येक दिवसांनी गळा मोकळा झाला आणि आवाज नेहमीसारखाच लागला, स्वच्छ, मोठा. कळपातली डोकी वर झाली. पाडसं पुढे आली, आणखी पुढे आली, अगदी जवळ.

विलासने डोळे उघडले आणि पहिला खडा मारला.

तो एका पाडसाच्या कुशीत लागला. ते उडालं आणि काही न कळून पुन्हा उभं राहिलं. विलास गात राहिला आणि मारत राहिला. माद्या मागे सरल्या. एक शेपटी उभी राहिली, मग दुसरी. पांढरे रुमाल झाडीकडे पळाले.

"अरे वेड लागलं का तुला?" जहूर धावत आला. "अरे, देवाचं नाव घेऊन मारतोस? बुवा! तोंड तरी बंद कर आणि मार."

"तोंड बंद करून कसं चालेल जहूरभाई?" विलासचा चेहरा ओला झाला होता, पण आवाज फुटला नाही. टाळ धरणाऱ्याला रडताना सूर सांभाळायची सवय असते. "ह्याच आवाजाची भीती बसायला पाहिजे त्यांना. दुसरा आवाज फहद सरांकडे कुठे आहे?"

जहूरने त्याचा हात धरला होता, तो सोडला. मग चरापाशी गेला, आणि पाठमोरा वाकून खडे वेचायला लागला.

झाडीच्या कडेला हालचाल झाली. कळपाने फार लांब पळ काढलाच नव्हता. भूक होती, सवय होती, आणि गाणं चालू होतं. तेच पाडस, ज्याला खडा लागला होता, ते आधी बाहेर आलं. एक पाय उचलून थांबलं, कान वळवले, आणि आवाजाकडे चालू लागलं.

विलासने गाता गाता जहूरपुढे हात पसरला.